अंगठ्यापासून सहीपर्यंत

भोर-वेल्ह्यातली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. गावी मनिऑर्डर आली की बायको पोस्टमनपुढे अंगठा उमटवी आणि नवऱ्याचा चार ओळींचा मजकूर दुसऱ्याकडून वाचून घेई. खासगीपण असे उरतच नसे.

मोठ्यांच्या शिक्षणाची वाट आपल्याकडे जुनी. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये पुण्यात आपल्या घरीच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे 1959 मध्ये नीरेपलीकडे, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मग ती राज्यभर गेली. गुरुजी दिवसा पोरांना शिकवत, रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्या आईबापांना, तेही विनामोबदला. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ! मान एकट्याचा नव्हे, साऱ्या गावाचा, हे मला फार आवडते.

आमची दादी अरबी अक्षरांवर बोट ठेवून वाचायची, मराठीत मात्र अंगठा. तिला निरक्षर म्हणायचे कसे?

समारंभ संपला, पण पुढे वाचायला हाती काही आले नाही, आणि पुष्कळांची अक्षरे पुसली गेली. रोजगार हमीचा कायदा 1979 पासून लागू झाला, तेव्हा मस्टरवर आपले किती दिवस मांडलेत हे ज्या बाईला वाचता येई, तीच मुकादमाला अडवू शकत होती.