पोर्ट सईद: फाशी कोणाला, सुटका कोणाची?

१ फेब्रुवारी २०१२. इजिप्तच्या पोर्ट सईद शहरात अल-मसरीने अल-अहलीला ३-१ असे हरवले. गंमत पाहा, जिंकलेल्यांचेच समर्थक पाहुण्यांवर तुटून पडले. बाहेर पडायचे दार बंद, पोलीस जागचे हलेनात. सत्तरहून अधिक जीव गेले, कित्येक चेंगरून.

मारेकऱ्यांविषयी मला कळवळा नाही. पण २१ जणांना फाशी आणि खटल्यातल्या नऊ पोलीस अधिकाऱ्यांपैकी सात जण निर्दोष, हे कसले माप? किसासमध्ये मारणारा हात आधी सिद्ध व्हावा लागतो. हजारोंच्या गर्दीत तो शोधणे कठीण. बंद दारापाशी बंदोबस्ताला कोण होते, हे मात्र सरकारी कागदावर असते. २०१७ साली दहा फाशी कायम झाल्या. दोषी पोलीस अधिकारी दोनच, त्यांना २०१३ मध्ये मिळाली होती १५ वर्षे.