मेणबत्ती, लोबान आणि घरात कोंडणारा धूर

संध्याकाळी लाइट गेली की आपण आधी मेणबत्ती शोधतो. जुमेरातीला मगरिबनंतर लोबान आणि रात्री डासांची कॉइल हेही अनेक घरांत ठरलेलेच. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर, म्हणजे बुलढाणा-चिखलीकडे, थंडीत दारे-खिडक्या घट्ट लावल्या जातात. मग हा सगळा धूर घरातच कोंडतो.

काजळी येते कुठून?

बाजारातली बहुतेक मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची असते. मेण वितळून वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात लांब असली किंवा ज्योत वाऱ्याने फडफडली, की मेण पूर्ण जळत नाही आणि काजळी उडते. आजी दिव्यावर ताटली धरून काजळ पाडायची, तशीच ही काजळी. भिंतीवर दिसते ती थोडीच. बारीक कण हवेत तरंगत राहतात.

अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांसाठी २४ तासांची मर्यादा एक घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे. एखादी मेणबत्ती तासभर जळली म्हणून घाबरायचे कारण नाही. पण लोबान आणि कॉइलचा धूर त्याहून बराच दाट असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाल्याचे आढळले. याचा त्रास आधी होतो तो तान्ह्या बाळाला, दमेकऱ्याला आणि घरातल्या बुजुर्गांना.

आपण काय करावे?

• वात पाच-सहा मिलिमीटरच ठेवा. मेणबत्ती पंख्याखाली ठेवू नका.
• फुंकर मारू नका, विझतानाच जास्त धूर होतो. चिमट्याने वात वितळलेल्या मेणात बुडवा आणि लगेच सरळ करा.
• लोबान जाळताना खिडकी उघडी ठेवा. बाळ-बाळंतिणीला दुसऱ्या खोलीत बसवा. बाळाला धुरी देऊ नका.
• कॉइलऐवजी मच्छरदाणी आणि लाइट गेल्यावर चार्जिंगचा दिवा वापरा.
• निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.

घरात खुशबूच हवी असेल, तर अत्तर आहेच. त्याला धूर नसतो.