वालचंदांची गाडी आणि आपल्या उसाचं पेट्रोल



आज ऊस नाही, डाळिंब नाही, फवारणीचं वेळापत्रकही नाही. गेल्या महिन्यात टेंभुर्णीच्या अलीकडं भर दुपारी आमची जुनी फियाट बंद पडली. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून काढतोय. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

गाडी प्रीमियर पद्मिनी. आबांनी १९८८ साली सोलापूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली, एमएच १३ नंबर सुरू व्हायच्या आधीची. आबा गेले, गाडी राहिली. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. पहिल्यांदा वाटलं, नेहमीचं दुखणं असणार. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तो इतका तापतो की पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि पंप नुसता हवा ओढत बसतो. उपाय जुनाच, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बाभळीखाली अर्धा तास बसायचं. तसं केलं. पण गाडी काही उठेना. परत बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा वास, आणि पंपाच्या सांध्यातून थेंब थेंब गळती. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे खेळ नव्हे. बॅटरीची तार काढली आणि ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढत घरी आणली.

घरी पंप खोलला. आतला डायफ्राम, म्हणजे रबर चढवलेला कापडी पडदा, फुगून भिजलेल्या चामड्यासारखा मऊ पडला होता. वर्षापूर्वीच नवा घातलेला. पेट्रोलचा पाईप दाबून बघितला तर बोटाला काळं लागलं. पोरगं म्हणालं, "अप्पा, पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं झालंय. जुनं रबर त्यात टिकत नाही. द्या आता भंगारात."

मी गप्प बसलो. माझा सगळा ऊस कारखान्याला जातो, आणि त्या कारखान्याची डिस्टिलरी आहे. म्हणजे आबांच्या गाडीचा पडदा माझ्याच उसानं खाल्ला.

आता मागं जाऊ. ही गाडी मुळात सोलापूरच्या माणसाची आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, आपल्या सोलापुरातला. शहरात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, वडिलांच्या, हिराचंद नेमचंद यांच्या नावाचं कॉमर्स कॉलेज आहे. पोरं तिथं शिकून जातात, पण हा माणूस कोण होता ते विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. घरचा धंदा सावकारी-व्यापाराचा. त्यात मन रमेना म्हणून ते लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले, आणि सुरुवातीचं काम केलं ते बार्शी लाईट रेल्वेचं. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. आमच्या पिढीनं पंढरपूरच्या वारीला तिच्यातनं प्रवास केलाय.

पुढं त्यांनी जहाजं केली, नीरेच्या कालव्यावर इंदापूर तालुक्यात माळरान घेऊन ऊस लावला, साखर कारखाना काढला. तेच वालचंदनगर. आणि डोक्यात होती मोटार. त्या काळी गाड्या परदेशातून खोक्यात सुट्या यायच्या आणि इथं जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सनं १९२८ सालीच मुंबईत शिवडीला तसा जोडणी कारखाना घातला होता. वालचंदांचं म्हणणं होतं, नुसती जोडायची नाही, बनवायची. सर विश्वेश्वरय्या यांचाही तोच आग्रह होता. इंग्रज सरकारनं दाद दिली नाही. १९३९ साली मोटारीच्या कामासाठी वालचंद अमेरिकेला गेले, त्या प्रवासात विमानं बनवणाऱ्या एका अमेरिकन माणसाची गाठ पडली, आणि १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभा राहिला. मोटार करायला निघालेला माणूस विमान करून बसला! मोटारीची कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाईल्स, निघाली १९४४ साली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या, मग इटलीच्या फियाटशी करार. वालचंद ८ एप्रिल १९५३ ला वारले. त्याच सुमारास सरकारनं धोरण ठरवलं, की जो इथं सुटे भाग बनवायची तयारी दाखवेल त्यालाच गाड्या काढता येतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेले. प्रीमियर राहिली.

१९५४ पासून फियाट अकराशे आली. मुंबईकर तिला डुक्कर फियाट म्हणायचे. पुढची दारं उलटी उघडायची, कपाटासारखी. १९६४ ला चौकोनी तोंडाची डिलाईट आली. तीच १९७२ ला प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ ला पद्मिनी झाली, आणि २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. इंजिन तेच, १०८९ सीसी, चार सिलिंडर.

शिकलेली माणसं यावर हसतात. पस्तीस वर्षं एकच गाडी विकली, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, लायसन राजची कमाल! ते खोटं नाही. ब्रेक चारी चाकांना ड्रमचेच, पावसाळ्यात पाणी गेलं की दाबत बसा. पत्रा खालून सडायचा. पण खेड्यातून बघितलं तर त्या न बदलण्याचा एक फायदा झाला, आणि तो कुणी लिहीत नाही. मुंबईतल्या टॅक्सीचा भाग सोलापूरच्या डॉक्टरच्या गाडीला बसायचा, आणि तोच कुर्डुवाडीतल्या व्यापाऱ्याच्या गाडीला. एका मिस्त्रीनं एक गाडी खोलली की त्याला सगळ्याच कळल्या. शेजारी बसून बघणाऱ्या पोरालाही कळल्या. ते पोरगं मी.

आमच्या भागात गाडी आली कशी, तेही सांगतो. १९७२ चा दुष्काळ बघितलेली माणसं मोटार कुठनं घेणार? उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं, कालव्याला पाणी आलं, ऊस लागला, बिलं यायला लागली. आणि डिसेंबर १९८३ ला मारुती आली. शहरातल्या लोकांनी मारुतीसाठी फियाटी काढून टाकल्या. त्या जुन्या गाड्या स्वस्तात आमच्यासारख्यांच्या दारात आल्या. उजनीचा पैसा आणि मारुतीची हौस, या दोन्हींच्या मधल्या फटीतनं खेड्यात फियाट शिरली.

आल्यावर ती चालवली कुणी? ज्यांनी विहिरीवर किर्लोस्कर-कूपरची डिझेल इंजिनं चालवली होती त्यांनी. आबांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट सैल झालाय का ते सांगायचे. फियाटला सेल्फ होता, पण पुढून हँडलही मारता यायचं. आबांनी पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली: हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, वेढा घालायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातनं सुटून गेलं पाहिजे, नाहीतर अंगठा नाहीतर मनगट मोडतं. विहिरीवरच्या इंजिनाचा नियम, मोटारीला तसाच लागू.

मोडनिंबला एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांचे वडील कुर्डुवाडीच्या त्या छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला होते, हात तिथं तयार झालेला. ते म्हणायचे, "गाडी बंद पडली की लगेच पाना घ्यायचा न्हाई. आधी विचारायचं, करंट हाय का, पेट्रोल हाय का, हवा हाय का." प्लग काढायचा, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, दुसऱ्यानं इंजिन फिरवायचं. ठिणगी निळी आणि टणक आली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी आली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं. आत पॉइंट असतात, दोन छोटे टिकलीएवढे तुकडे, उघडझाप करणारे. ते काळे पडले तर पॉलिश पेपरनं घासायचे आणि फट अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी ठेवायची. फिलर गेज नसायचं तेव्हा मिस्त्री विडीच्या बंडलाचा कागद घडी करून घालायचे. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष पॉइंटचा नसतो, कंडेन्सर गेलेला असतो. हे मला पिकातही उपयोगी पडलं. पान पिवळं पडलं म्हणून पानावरच फवारत बसायचं नाही, मुळी बघायची. (कृषी सहायक साहेब हसतील, हसू द्या.)

प्लगच्या वायरी काढल्या की परत घालताना क्रम चुकायचा. एक-तीन-चार-दोन. माझ्या दहावीच्या सनावळ्या मी विसरलो, हा क्रम अजून पाठ आहे.

एक चूक मात्र माझी स्वतःची, ती लपवत नाही. १९९७ च्या उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरत राहिलो. आपल्या बोअरचं पाणी किती खारट ते तुम्हाला माहीत आहे, ड्रिपच्या लॅटरलमध्ये पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसला. ड्रिपला आपण ॲसिड सोडतो, गाडीला कोण सोडतो? इंजिन तापलं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. तापलं की दोन्ही सारखे फुगत नाहीत. हेड वाकडं झालं, पॅकिंग जळालं, पाणी ऑईलमध्ये गेलं. ऑईलची कांडी काढली तर चहासारखा रंग. हेड सोलापूरला नेऊन घासून आणलं. आबा एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून रेडिएटरला फक्त पावसाचं साठवलेलं पाणी आणि कूलंट.

तर आता इथेनॉल. ही गोष्टही तशी नवी नाही. पेट्रोलमध्ये उसाचा अल्कोहोल मिसळायचा कायदा देशात १९४८ सालीच झाला होता. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिसळायला सुरुवात झाली, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं, आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. पंपवाल्याचा यात दोष नाही. धोरणालाही मी शिव्या घालणार नाही. डिस्टिलरी असलेल्या कारखान्याला साखरेचा भाव पडला तरी दुसरा आधार असतो, आणि आपलं बिल त्यावरच अवलंबून.

पण जुन्या गाडीचं काय होतं ते समजून घ्या. इथेनॉल जुनं रबर फुगवतो, म्हणून पाईप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं जातात. तो हवेतली ओल ओढतो. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत पाणी सुटतं, तळाला गंज धरतो, आणि तो गंज जेटमध्ये अडकतो. शिवाय त्याच्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं, इंजिन जरा गरम चालतं, चढाला दम टाकतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्सा ताकद कमी, तेव्हा ॲव्हरेजही थोडं उतरणार. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. फियाटला कॉम्प्युटर म्हणजे आपणच.

मी काय केलं ते सांगतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे रबरी पाईप काढून इथेनॉलला टिकणारे घातले, मीटरवर महाग आहेत पण एकदाच. पंपाच्या आधी काचेचा फिल्टर बसवला, आत पाणी किंवा गंज आला तर डोळ्यांना दिसतो. जेट एक नंबर मोठा घातला, आता प्लग काढून बघतोय, पांढरा पडतोय का विटकरी. पांढरा म्हणजे अजून पातळ, विटकरी म्हणजे जमलं. गाडी आठ दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पाईप काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. हे मोकळ्या जागेत करा, विडीवाल्याला लांब ठेवा.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती. तिची वीस वर्षं भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती बंद झाली. पेपरात फोटो आले होते, लोक हळहळले. टॅक्सीला वयाची अट आहे. आमच्यासारख्या घरगुती गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. आमचं पुढचं पासिंग याच दिवाळीत आहे. पोरगं म्हणतंय, एवढ्या खर्चात दोन एकराचं ड्रिप बदलून होईल. हिशोब त्याचा चुकीचा नाही.

परवा रात्री मात्र तोच बॅटरी धरून उभा होता, मी पाईपाचे क्लिप आवळत होतो तेव्हा. "अप्पा, अंगठा बाजूला घ्या," म्हणाला. मी त्याला हँडलचं कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. बहुतेक आबांनी सांगितलं असावं.

पडद्याचा नवा सेट पुण्याहून मागवलाय, इथेनॉलला चालणारा असं दुकानदार म्हणतोय. आला की बसवतो आणि मोडनिंबपर्यंत एक फेरी मारून बघतो. तोवर गाडी शेडात, टाकी रिकामी. तुमच्याकडं जुनी फियाट, पेट्रोल जीप किंवा जुना पेट्रोल पंपसेट असेल तर आज संध्याकाळी पाईप दाबून बघा. बोटाला काळं लागलं तर चालू करू नका.