भयकादंबरी आणि कामकरी वाचक



वसंत व्याख्यानमालेत भुताखेतांच्या कादंबऱ्यांवर बोलावयाचे ठरले, तेव्हा आमच्याच युनियनमधील काही मंडळींनी नाके मुरडली. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यास ही प्रथा पाडली ती लोकांस शहाणे करण्यासाठी. तेथे चेटकिणीचे काय काम, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. ज्या महाराष्ट्रात ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा होऊ शकला, तेथे भुताची गोष्ट हौसेने वाचणाराने आपली बाजू मांडलीच पाहिजे. आम्ही त्या कायद्याच्या बाजूचे आहोत आणि नारायण धारपांचे वाचकही आहोत. ह्या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात, ते पाहू.

आपले मस्तगड कुंडलिकेच्या काठी 1725 साली बांधले गेले. हुकूम निजामुल्मुल्क आसफजाहाचा, बांधणारा काबीलखान. आता विलायतेत भयकादंबरीचा जन्म धरतात तो होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’पासून, म्हणजे 1764 पासून. आमची गढी त्या कादंबरीहून 39 वर्षांनी वडील! त्या पुस्तकात किल्ला आहे, भुयार आहे आणि वरून कोसळणारे अजस्र शिरस्त्राण आहे. परंतु मुळाशी आहे ती बळकावलेली गादी. पणजोबाने विष घालून राज्य मिळविले आणि शिरस्त्राणाखाली चिरडला गेला तो पणतू. भयकादंबरी जन्मली ती अशी सातबाऱ्याच्या भांडणात. (आमच्या गढीत पुढे नगरपालिकेची कचेरी भरू लागली, तेथे भुताचा टिकाव लागणे कठीणच.)

दुसरी हकिकत आम्हां कामगारांना अधिक जवळची आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमकडचे विणकर उपासमारीने पिसाळून माग फोडू लागले, तेव्हा माग फोडणारास फाशी द्यावी असे विधेयक आले. 27 फेब्रुवारी 1812 रोजी उमरावांच्या सभागृहात कवी बायरन आपले पहिले भाषण करण्यास उभा राहिला, तो ह्या विणकरांच्या वतीने. विधेयक अर्थात मंजूर झाले. चार वर्षांनी, 1816 च्या पावसाळी उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी ह्याच बायरनच्या बंगल्यात प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी अशी टूम निघाली, आणि अठरा वर्षांच्या मेरीला ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुचली. पुस्तक 1818 साली निघाले, तेही लेखिकेच्या नावावाचून. त्यातील राक्षसाला नाव नाही. लोक त्याला फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. ते नाव त्याला घडविणाराचे आहे. ठेकेदाराच्या माणसाचे नाव हजेरीपटावर शोधण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

आमच्याकडे भुतांना नावांची ददात नव्हती. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोर तो मुंजा, बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ. खवीस, समंध वेगळेच. जरा थांबून पाहावे, तर प्रत्येकाचे काही ना काही राहून गेलेले आहे. बाळंतिणीला वेळेवर सुईण, औषध मिळाले असते तर हडळ झालीच नसती! आणि विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ तर राजालाच न्यायाचे प्रश्न घालीत असे. भुते सांगणाऱ्या लोकांना विचार करता येत नव्हता असे म्हणणारांनी वेताळपंचविशी पुन्हा वाचावी.

निजामी अमलात येथे शिक्षण उर्दूतून, आणि साध्या सभेलाही सरकारी परवाना लागे. तेव्हा मराठी पुस्तक हाती धरणे हीच एक चळवळ होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर ती अडचण सरली, आणि मग पुस्तक नुसत्या करमणुकीसाठी वाचण्याची चैन आम्हां मराठवाड्यातील माणसांना मिळाली. ही चैन लहान समजू नये. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, त्यांचे झुंजार आणि काळा पहाड, हजारावर पुस्तकांतून घरोघर पोचले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून त्यांच्याच शेजारी धारप आले.

नारायण धारप (1925–2008) यांनी शंभरावर पुस्तके लिहिली. त्यांची खरी करामत अशी की, त्यांनी भूत वाड्यातून काढून नोकरदाराच्या भाड्याच्या घरात आणले. घर स्वस्तात मिळते, सामान लागते, आणि मग एका खोलीत कोणी जाईनासे होते. रात्रपाळीहून परतलेल्या माणसाला ही भीती चांगली कळते. परंतु त्यांचा ठरलेला नायक ‘समर्थ’ आम्हांस थोडा खटकतो. समर्थ येतात, आपल्या सामर्थ्याने संकट निवारतात, आणि घरची माणसे हात जोडून बसून राहतात. युनियनचा असा पुढारी आम्ही कित्येक पाहिले. तो गेला की माणसे होती तेथेच.

म्हणून आमची आवडती कादंबरी ‘लुचाई’. तिचे मूळ स्टीफन किंगच्या 1975 सालच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये आहे. एका लहान गावात माणसे एकेक करून रक्तपिपासू होत जातात, आणि शेजारी शेजाऱ्याची चौकशी करीत नाही. मूळ कादंबरीत सामना करावयास उभे राहतात ते एक लेखक, एक शाळामास्तर, एक डॉक्टर, एक धर्मोपदेशक आणि एक पोरगा. पाचांतला एकही समर्थ नव्हे.

रत्नाकर मतकरी (1938–2020) ह्यांचा मार्ग निराळा. ‘खेकडा’सारख्या संग्रहांतील गूढकथांत वाईट हे बाहेरून येत नाही, ते माणसाच्या आतच दबा धरून असते. बँकेत नोकरी करीत त्यांनी ह्या कथा लिहिल्या. आणि त्याच लेखणीने खेड्यातील दुबळ्यांवरील अत्याचाराचे ‘लोककथा ’78’ हे नाटक लिहिले. नर्मदा आंदोलनाच्या पाठीशी ते उभे राहिले आणि ठाण्यात वस्त्यांतील मुलांसाठी त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ चालविला. भयकथा वाचून वा लिहून माणूस प्रतिगामी होतो असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी ह्या एका माणसाचा हिशेब मांडून दाखवावा. धारप आमच्या अधिक आवडीचे. मोठे मात्र मतकरीच.

धारपांची एक कादंबरी ‘चेटकीण’ नावाची आहे. पुस्तक मिटले की ती संपते. वस्तीत एखाद्या विधवेला चेटकीण ठरवितात तेव्हा मात्र तिच्या शेतावर, घरावर कोणाचा डोळा आहे हे आधी पाहावे लागते. तेथे भूत शोधून उपयोग नाही, तलाठ्याचे दप्तर उघडावे आणि पोलिसांत फिर्याद द्यावी. 2013 चा कायदा त्यासाठी आहे. कादंबरी वाचणारावर तो नाही, हे आम्ही आमच्या मंडळींना बजावून सांगितले.

चित्रपटांत ‘महल’ (1949) पासून रामसे बंधूंपर्यंत बरेच काही आले. त्यात दारे फार करकरली. 2018 चा ‘तुंबाड’ मात्र वेगळा. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, प्रेरणा धारपांच्या कथेची, काळ 1918 ते 1947. वाड्याच्या पोटातून सोन्याची नाणी आणणारा माणूस एका फेरीत कधी थांबत नाही, एवढीच त्याची गोष्ट. 2024 साली तो पुन्हा थिएटरांत आला, तेव्हा पहिल्याहून अधिक गर्दी झाली.

धारपांची पुस्तके शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने पुन्हा छापली आहेत. आमच्या कचेरीच्या कपाटात ती कामगार कायद्याच्या पुस्तकांखालच्या फळीवर आहेत. ‘लुचाई’ची प्रत सध्या बाहेर गेलेली आहे, ज्यांस हवी असेल त्यांनी सभा संपल्यावर नाव नोंदवावे.