सत्तर अक्षरांचा घोळ

आमच्या लहानपणी तारवाला चाळीत शिरला की आधी रडायला सुरुवात होई आणि मग तार वाचली जाई. तार म्हणजे कुणीतरी गेले, हा नियमच. एकदा शेजारच्या काकूंनी अशीच रडत रडत तार घेतली, तिघीचौघींनी त्यांना सावरून धरले आणि मग कळले की धाकट्या दिरांना नोकरी लागली! पण लागलेले रडणे मध्येच तोडायचे कसे, म्हणून त्या पुढे पाच मिनिटे आनंदाने रडल्या.

ही तार आपल्या देशात सर्वसामान्यांना खुली झाली १८५५ साली आणि कायमची बंद झाली १५ जुलै २०१३ रोजी. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून 'मदर सिरियस कम सून' एवढ्यात सगळा संसार मावे. पण तारेत एक गोष्ट मोठी होती. खिडकीमागचा तारबाबू! तो शब्द मोजी, अक्षर लागले नाही तर चष्म्यावरून बघत 'हे काय लिहिलंय?' म्हणून विचारी. म्हणजे मजकूर गावाबाहेर पडण्यापूर्वी एक तिऱ्हाईत माणूस तो पुरता वाचत असे. आम्ही बँकवाले यालाच मेकर आणि चेकर म्हणतो. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने ती पास करायची. मी बावीस वर्षे मेकर आहे. चेकर होण्याचा योग पत्रिकेत नाही.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे आमचा पुतण्या. तो आमच्याकडेच राहतो. आम्ही रोडपालीला राहतो, म्हणजे कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाणारे ट्रक जिथून मोजता येतात तिथे. एका रविवारी हा मला म्हणाला, "काका, मी घरी सर्व्हर बांधतोय."

सर्व्हर म्हणजे जो 'डाउन' असतो तो, एवढीच माझी व्याख्या. मी म्हटले, "अरे, सोसायटीची परवानगी?"

"काका, सर्व्हर म्हणजे नुसता एक छोटा प्रोग्रॅम. एआयला बोलता येतं, पण मेसेज पाठवायला हात नाहीत. आपण हात देतोय."

मग त्याने मला समजावले ते असे. अँथ्रोपिक नावाच्या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक पद्धत जाहीर केली. त्यात सर्व्हर एआयपुढे अवजारांची यादी ठेवतो. अवजाराचे नाव काय, ते करते काय, आणि त्याला माहिती कोणती लागते. इथे नंबर आणि मजकूर. एआयने तेवढे भरून द्यायचे, पुढचे काम सर्व्हरचे. मला एकदम पटले. ही तर आमची पे-इन स्लिप!

पुढचे काम करायला त्याने जुन्या लॅपटॉपला एक सिम घातलेला डोंगल लावला. घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपन्यांचा रस्ता त्याला नको होता, कारण २०१८ च्या नियमांप्रमाणे तिथे पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. मार्च २०२१ मध्ये ही तपासणी सुरू झाली तेव्हा देशभरातले ओटीपी असे अडकले की ती आठवडाभर स्थगित करावी लागली.

डोंगलला हुकूम द्यायचा तर प्रत्येक हुकमाआधी 'एटी' लिहावे लागते. एटी म्हणजे अटेन्शन! १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या मोडेमने ही प्रथा पाडली. एवढी वर्षे झाली तरी यंत्राला आधी 'इकडे लक्ष द्या' म्हणावेच लागते. हे सौभाग्यवतींना सांगितले तर त्या म्हणाल्या, "यंत्र ऐकतं तरी!"

यात नवे काय, असेही मला वाटले. कारण जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडात नील पॅपवर्थ नावाच्या बावीस वर्षांच्या इंजिनिअरने पाठवला, तो कॉम्प्युटरवरूनच. मजकूर 'मेरी ख्रिसमस'. घेणारे रिचर्ड जार्विस पार्टीत होते आणि त्यांच्या फोनवरून उलट मेसेज धाडायची सोयच नव्हती. त्याआधी १९८५ साली जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांड या गृहस्थांनी घरी टाइपरायटरवर वाटेल ती वाक्ये बडवली, अक्षरे मोजली आणि ठरवले की माणसाला काय सांगायचे ते १६० अक्षरांत बसते.

हिलेब्रांडसाहेब मराठी असते तर हा आकडा त्यांनी धरलाच नसता! कारण १६० हा हिशेब इंग्रजीचा. एका मेसेजमध्ये ११२० बिटे मावतात. इंग्रजी अक्षराला सात पुरतात, देवनागरीला सोळा लागतात. म्हणून मराठीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याचे चिन्ह, सगळे वेगळे मोजायचे. एकट्या 'क्ष'चे तीन!

आणि इथेच घोळ झाला. आई पाच दिवस दवाखान्यात होती. सोडल्यावर पुतण्याने एआयला सांगितले, "आजी घरी आली, सगळ्या नातेवाइकांना काकांच्या नावानं छान मराठीत कळव." पाठवण्याआधी माणसाला विचारावे, असे त्या पद्धतीतच सुचवलेले आहे. पण दर वेळी कोण विचारून घेणार, म्हणून चिरंजीवांनी 'नेहमी परवानगी'चे बटण आधीच दाबले होते. मजकूर लांबला. सर्व्हरने तो शब्द न तोडता सत्तर-सत्तरचे तुकडे करून पाठवला. पहिला तुकडा असा:

'आईचा दवाखान्यातला मुक्काम आज संपला. सर्वांचा निरोप घेऊन शांतपणे गेली'

मोजून अडुसष्ट अक्षरे. पुढचा शब्द होता 'घरी'. तो मावला नाही. तो दुसऱ्या तुकड्यात गेला, आणि दुसरा तुकडा चाळीस मिनिटे नेटवर्कमध्ये कुठे बसला ते कुणालाच कळले नाही.

एआयचे मराठी चुकले नव्हते. सर्व्हरचे गणित चुकले नव्हते. पूर्ण मजकूर डोळ्यांखालून घालणारा तारबाबू तेवढा नव्हता.

डोंबिवलीची मावशी निघताना हार घेऊनच निघाली. पनवेलची आत्या आधी पोचली. दार आईने उघडले. आत्याने जी किंकाळी फोडली ती ऐकून खाली ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. माझा फोन सतत वाजत होता, आणि पलीकडून हुंदके. एक चुलतभाऊ तर नागपूरहून गाडीत बसला होता. हसावे की रडावे कळेना, पण मावशीने दारातच आईला घट्ट मिठी मारली तेव्हा दोघींचे हात थरथरत होते. त्यात विनोद नव्हता.

त्या रात्री मी आयुष्यात प्रथमच अधिकाराने बोललो. "यापुढे यंत्र मेकर. चेकर माणूस. पास झाल्याशिवाय एक अक्षर बाहेर जाणार नाही!" पुतण्याने मुकाट्याने सर्व्हरमध्ये तशी दुरुस्ती केली. चेकर कोण, असा प्रश्न आला तेव्हा माझ्या छातीत बावीस वर्षांची हवा भरली. पण मत पडले आईला.

तिने चष्मा लावला, गेलेला मेसेज पुरता वाचला आणि म्हणाली, "शांतपणे? मी कधी कुठून शांतपणे निघाल्येय?" मग खुलासा स्वतः सांगितला. "मी घरी आले. जिवंत आहे. सगळ्यांनी एकदम येऊ नका, दूध कमी आहे."

मी अक्षरे मोजली. एकोणसाठ. एकाच मेसेजमध्ये बसून वर अकरा शिल्लक.