भ्रमणध्वनी व बालसाहाय्यसेवा (वसई-विरार)

संकटात सापडलेली बालके व तरुण यांचा शासकीय आणि सेवाभावी यंत्रणांशी दूरध्वनीच्या, विशेषतः भ्रमणध्वनीच्या, द्वारे संबंध जोडून देणारी व्यवस्था. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात या व्यवस्थेचा मुख्य आधार १०९८ हा अहोरात्र चालणारा निःशुल्क क्रमांक हा असून, ११२ ही आपत्कालीन साहाय्यसेवा आणि मानसिक आरोग्यासाठी असलेला ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक तिला पूरक आहेत.

या सेवेचा उगम मुंबईतच झाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावर व रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांच्या सहवासातून जी कल्पना रुजविली, ती जून १९९६ मध्ये त्या संस्थेचा प्रत्यक्ष कार्यप्रकल्प म्हणून ‘चाइल्डलाइन’ या नावाने मूर्त स्वरूपात आली. दहा, नऊ, आठ असा उलट मोजत जाणारा क्रमांक निरक्षर मुलाच्याही जिभेवर सहज बसत असे, आणि त्याला पैसे पडत नसल्याने खिशात दमडी नसलेले मूलही कोपऱ्यावरच्या सार्वजनिक दूरध्वनीवरून तो फिरवू शकत असे. केंद्र शासनाने हा उपक्रम देशभर नेण्याचे ठरविल्यावर १९९९ मध्ये ‘चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली. पुढे सार्वजनिक दूरध्वनीची पेटी नाहीशी होऊन तिची जागा मोबाईलने घेतली, तरी मुलाने बोलावे आणि तासाभराच्या आत कोणीतरी माणूस त्याच्यापर्यंत चालत जावा, हे चाइल्डलाइनचे मूळ सूत्र होते व या सेवेचे खरे मोल आजही त्यातच आहे.

वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १२.२२ लाख भरली होती. पश्चिमेकडे जुन्या वाड्या, ख्रिस्ती गावे व कोळीवाडे. लोहमार्गाच्या पूर्वेस नालासोपाऱ्याच्या दाटीच्या चाळी आणि वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील कारखान्यांचे गाळे. त्याहीपलीकडे पारोळ-भाताण्याकडील आदिवासी पाडे व हंगामी मजुरांची वस्ती: इतक्या भिन्न जीवनपद्धती एकाच तालुक्यात नांदत असल्याने येथील मुलांच्या अडचणींचे स्वरूपही एकसारखे नाही. घरातील मारहाण सोसणारी मुलगी, गाळ्यात राबणारे परप्रांतीय पोर, शाळा सुटून वीटभट्टीवर गेलेले वारली वा कातकरी मूल आणि परीक्षेच्या भयाने रात्र जागून काढणारा महाविद्यालयीन विद्यार्थी, या सर्वांस एकच क्रमांक पुरे पडेल अशी अपेक्षा करणे अवाजवी होय.

या परिसरातील खरी अडचण हद्दींची आहे आणि ती वसई रोड स्थानकावर सर्वांत ठळकपणे दिसते. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या येथे थांबतात व दिवा स्थानकाकडे जाणारा फाटाही येथूनच निघतो. त्यामुळे घरातून निघून आलेले मूल मुंबईत शिरण्याआधी याच फलाटावर उतरण्याचा संभव असतो. फलाटावर त्याला पाहणाऱ्या प्रवाशाने वर्दी दिली, तर प्रकरण मुंबई लोहमार्ग पोलिसांच्या अखत्यारीत येते. तेच मूल जिना उतरून बाहेर रिक्षातळावर आले, तर ते १ ऑक्टोबर २०२० पासून अस्तित्वात आलेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत जाते, आणि हे आयुक्तालय तर ठाणे व पालघर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याच्या संगोपनाविषयीचा हुकूम मात्र जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार असे मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करणे बंधनकारक आहे. अध्यक्ष व चार सदस्य मिळून ही समिती बनते आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. जिल्ह्याचे मुख्य ठाणे पालघरला, विरारच्या पुढे धावणाऱ्या लोकलगाड्या मोजक्या, आणि सोबत दमलेले, घाबरलेले, क्वचित ज्वराने फणफणलेले मूल. अशा वेळी दूरध्वनीवरील संभाषण दोन मिनिटांत आटोपले, या गोष्टीचे समाधान फार काळ टिकत नाही.

मोबाईल हे साधनही वाटते तितके मुलाच्या स्वाधीन नसते. १८ वर्षांखालील व्यक्तीस स्वतःच्या नावावर सिमकार्ड मिळत नाही; म्हणजे मुलाच्या हातातील क्रमांक बापाचा, भावाचा किंवा मालकाचा असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच यंत्रातून ती करावी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत जेथे पाच माणसे झोपतात, तेथे कुजबुजही ऐकू जाते; केलेल्या कॉलची नोंद पडद्यावर राहते व ती पुसावयाचे भान घाबरलेल्या मुलास असतेच असे नाही. १०९८ वर येणाऱ्या कॉलमध्ये पलीकडून काहीच न बोलता ठेवून दिलेले कॉल नेहमीच मोठ्या प्रमाणावर असत आले आहेत. अनुभवी कार्यकर्ते अशा कॉलला खोडी समजत नाहीत. आपले नाव, आपण ऐकत आहोत एवढे वाक्य आणि पुन्हा केव्हाही फोन करता येईल असे आश्वासन देऊन ते थांबून राहतात, कारण आज मुका राहिलेला मुलगा उद्या बोलण्याचा संभव असतो. प्रशिक्षणातील हा भाग सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत मोलाचा आहे.

हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत मूल फोन करील याची वाट न पाहता यंत्रणेनेच त्याचा माग ठेवावा, या विचाराने महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांची नोंद ठेवणारी एक संगणकीय प्रणाली तयार केली. प्रायोगिक जिल्ह्यांत अमरावती, गडचिरोली, नंदुरबार इत्यादींबरोबर पालघरचाही समावेश होता. गाव सोडून भट्टीवर गेलेल्या कुटुंबातील गरोदर स्त्री व मुले नव्या ठिकाणच्या अंगणवाडीच्या दफ्तरी दाखल व्हावीत, हा तिचा हेतू. नोंद झाली तरी पोषण आहार शिजवून देणारे हात तेथे हवेतच.

मानसिक आधाराच्या क्षेत्रात टाटा संस्थेनेच २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही समुपदेशनसेवा सुरू केली. दूरध्वनीखेरीज लिखित संदेशांनीही तिच्याशी संपर्क साधता येतो व गर्दीच्या घरात राहणाऱ्या तरुणास हा लेखी मार्ग विशेष सोयीचा ठरतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलिमानस’ आरंभिली. यांचे महत्त्व असे की १०९८ ची कक्षा १८ व्या वर्षी संपते. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या युवकास पुढेही काही काळ अनुरक्षणाची तरतूद कायद्यात आहे; परंतु जो कधी संस्थेत गेलाच नाही, अशा एकोणीस-वीस वर्षांच्या गाळेकामगारासाठी हे क्रमांकच काय ते उरतात.

केंद्र शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेखाली २०२३ पासून १०९८ ची सेवा स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याकडून राज्य शासनांकडे, म्हणजे जिल्हा पातळीवर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, वर्ग करण्यात आली आणि ती ११२ शी जोडली गेली. यामुळे पोलिसांची मदत तत्काळ मिळू शकते व जबाबदारी कोणाची हा प्रश्न कागदोपत्री सुटतो, हे खरे. परंतु गणवेशास भिणाऱ्या मुलाच्या कानी पहिला आवाज कार्यकर्त्याचाच पडला पाहिजे, या आग्रहात तडजोड होता कामा नये.

फोन मुलानेच केला पाहिजे असे नाही. शेजारी, शिक्षक, दुकानदार, सहप्रवासी, कोणीही १०९८ वर खबर देऊ शकतो, आणि खबर देणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न कळविणे हा मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली दंडनीय अपराध असून, बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे.