भट्टीतले मॅग्नेटाइट, मेंदूतले मॅग्नेटाइट

रायपूरहून बिलासपूरकडे जाताना सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत लागते. येथील स्पंज आयर्नच्या भट्ट्यांत कोळशाच्या साहाय्याने लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतला जातो. हेमेटाइटचे आधी मॅग्नेटाइट होते, मग वुस्टाइट आणि शेवटी लोह. यांतील मॅग्नेटाइट स्मृतिभ्रंशाच्या इतिहासातही येते, मात्र बरेच उशिरा.

आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णेच्या मेंदूतील विकृती १९०६ मध्ये मांडल्या. १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने ‘एपोई-४’ या जनुकप्रकाराचा या आजाराशी संबंध दाखवला. तो माता-पित्यांपैकी एकाकडून आला तर धोका वाढतो, दोघांकडून आला तर कितीतरी अधिक. तरीही तो असलेल्या अनेकांना आजार होत नाही.

हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण पाहणीत (१९९८) पासष्टीपुढील जेमतेम एक टक्का लोकांना अल्झायमर आढळला. पेनसिल्व्हेनियातील मोनोंगाहेला खोऱ्याच्या तुलनेत तेथे एपोई-४ कमी असल्याचे २००० मध्ये दिसले; तो असेल तर होणारा परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच. मोनोंगाहेला हे पोलादाचे खोरे. तेथील डोनोरा गावात १९४८ च्या धुरक्याने वीस बळी घेतले होते. तुलना जनुकांची झाली, हवेची नव्हे. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने हे दोन आकडे थेट शेजारी ठेवू नयेत.

मानवी मेंदूत मॅग्नेटाइट असते, हे जोसेफ कर्शविंक यांनी १९९२ मध्येच दाखवले होते. ते शरीरातच घडते, असे मानले गेले. २०१६ मध्ये बार्बरा मेहर यांच्या गटाने मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील ३७ मृतांचे मेंदू तपासले. त्यांत पैलूदार स्फटिकांबरोबर गोल, गुळगुळीत कणही होते. असा आकार तीव्र उष्णतेत वितळून थिजलेल्या थेंबांना येतो. म्हणजे हे कण बाहेरच्या हवेतून आले असावेत, बहुधा नाकातील गंधचेतामार्गे. त्यांच्यामुळेच आजार होतो, हे यातून सिद्ध होत नाही. परंतु ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२० मध्ये वायुप्रदूषणाला टाळता येण्याजोग्या कारणांत स्थान दिले. २०२४ मध्ये अशी कारणे चौदा झाली.

सिलतऱ्यात जन्मणाऱ्या मुलाचा एपोई बदलता येणार नाही. भट्टीच्या धुराड्यातील धूळ विद्युतभाराने खेचून घेणारे यंत्र मात्र केव्हाच उपलब्ध आहे. ते चालवण्यास वीज लागते. बंद ठेवल्यास तेवढी वाचते.